ओलं फडकं

मेहुणे गेल्याचा फोन आला, तेव्हा तो मालिकेचा सीन लिहीत होता. तसाच उठून बिबवेवाडीला धाकट्या बहिणीकडे धावला. संवाद लिहिताना वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहायची त्याची सवय. त्यावरून ती त्याला नेहमी चिडवायची. आज मात्र ती त्याला बिलगून रडत होती. “सकाळी स्कूटर पुसली रे त्यांनी. फडकं अजून वाळलं नाही, आणि माणूस गेला!” तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. काय वाक्य होतं! विसरायला नको. तेवढ्यात तिने मान वर केली आणि तिचं रडणं थांबलं. “दादा, ओठ हलतायत तुझे.” त्याने ओठ घट्ट मिटले. “पाठ झालं, की परत म्हणू?” त्याला तिच्याकडे बघवेना. तिने गॅलरीतून फडकं आणून त्याच्या हातात कोंबलं. “हेही ने. सीनमध्ये लागेल.” फडकं खरंच ओलं होतं.