सरळ वाट

अरबी किनाऱ्यावरच्या कलहात नावाच्या बंदरातला म्हातारा मुहन्ना म्हणजे वाटाड्यांचा वाटाड्या. नुसत्या ताऱ्यांवर नजर ठेवून त्यानं जन्मभर जहाजं पैलतीराला लावली, म्हणून सारं गाव त्याला ‘मुअल्लिम’, म्हणजे गुरुजी, म्हणायचं. पण गेल्या वर्षी फिरंग्यांनी समुद्रातून तोफा डागून बंदर जाळलं आणि तेव्हापासून नमाजात त्याचे ओठ रोज एकाच ओळीशी अडायला लागले.

शेजारी उभ्या राहणाऱ्या हमूदच्या ते ध्यानात आलं होतं. त्या आगीत हमूदचा तरणाताठा मुलगा जहाजासकट गेला; तरी माणूस मोठ्या मनाचा. आज नमाज आटोपल्यावर त्यानं म्हाताऱ्याच्या हातावर खजूर ठेवले नि हसत म्हणाला, “वा मुअल्लिम! गावाचे गुरुजी तुम्ही, आणि पहिलाच धडा विसरता? म्हणा बघू माझ्या मागून : देवा, आम्हाला सरळ वाट दाखव.”

मुहन्नाच्या हातातले खजूर हातातच राहिले.


दहा वर्षांपूर्वी दूर दक्षिणेकडच्या मालिंदी बंदराच्या किनाऱ्यावर, वाट चुकलेल्या एका फिरंगी कप्तानानंही हात जोडून त्याच्याकडे हेच मागितलं होतं. आणि त्यानं ती दाखवली होती.