तिच्या उंचीचा आरसा

पत्नीच्या निधनानंतर तिची इंग्रजीची शिकवणी तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या मास्तरांनी हाती घेतली. आत्मवाचक सर्वनाम ती भिंतीवरच्या आरशात स्वतःला पाहून शिकवत असे, मास्तरही त्याच आरशासमोर उभे राहून म्हणाले, “आय सी मायसेल्फ.” मुलींमध्ये खसखस पिकली. “आजोबा, तुम्ही कुठे दिसताय? नुसती कॉलर दिसतेय!” खरेच होते. टेप लावून, पत्नीच्या डोळ्यांची उंची मोजून आरशाचा खिळा त्यांनीच ठोकला होता. सून हातोडी घेऊन आली. “बाबा, खिळा वर घेऊ का?” “नको, सूनबाई. मी स्वतः वाकेन.” “हे ‘स्वतः’ जोर देण्यासाठी ना, आजोबा?” एकीने विचारले. “शाब्बास!” म्हणत मास्तर गुडघ्यांत वाकले. जिथे इतकी वर्षे तिचा चेहरा उमटत असे, तिथे त्यांचा उमटला. “आय सी...” त्यांनी सुरुवात केली, पुढचा शब्द मात्र मुलींनाच म्हणावा लागला.