मातीच्या अक्षता

गारा सुरू झाल्या तेव्हा उत्तरेश्वर वस्ताद तालमीत एकटाच, कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला ताक पाजत बसला होता. घाटनांदुरात तशा गारा पुन्हा पडल्या नाहीत. त्यातली एक टोपलीखाली झाकून हैदराबादला हुजुरांना नजराणा धाडायची, असं पाटलाच्या मनात होतं म्हणतात. पण तेवढी टोपलीच गावात निघेना.

त्याच दिवशी भामाबाईच्या लेकीचं लग्न. मांडव पहिल्याच तडाख्यात उडाला आणि चौसाळ्याच्या वाटेला लागला.

भामाबाई डोक्यावर परात धरून तालमीच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"वस्ताद, दिस टेकलाय. मुहूर्त टळला तर व्याही गाड्या जुंपतो म्हणतेत. मी हितंच भाईर थांबते. पोरीला तेवढं आत घ्या."

वस्तादाच्या गुरूच्या गुरूपासून या उंबऱ्याच्या आत बाईचं पाऊल पडलं नव्हतं. त्यानं कोनाड्यातल्या मारुतीकडं पाहिलं. तेवढ्यात एक गार परातीवर आदळली आणि भामाबाई मटकन खाली बसली.

वस्तादानं डोक्याचा पटका सोडला आणि कोनाड्यावर पडद्यासारखा अडकवला.

"देवा, घटकाभर बघू नको," तो म्हणाला. मग दाराकडं वळला. "ये माय, तूबी आत ये. समद्यांनाच बोलव."

केजचे व्याही राधाकिशन हे तहसीलदारापुढंही कधी वाकले नव्हते. तालमीचं दार कंबरेएवढं. ते वाकून आत आले आणि पुटपुटले, "दार लई बुटकं हाय."

"मोठ्या मान्सांसाठीच तसं ठिवलंय," वस्ताद म्हणाला.

दोनशे माणसं आत आली. वीस पैलवानांची ती तालीम. कशी मावली ते त्या भिंतींनाच ठाऊक. नवरा-नवरी हौद्यात, घोट्याएवढ्या मातीत समोरासमोर उभे राहिले. भटजींनी अंतरपाट मागितला. तो मांडवाबरोबरच गेला होता. ज्याच्या त्याच्या अंगावरचं धोतर निथळत होतं. कोरडं फडकं एकच होतं, मारुतीपुढचं. वस्तादानं मान खाली घालून ते काढलं. एक टोक स्वतः धरलं, दुसरं भटजींच्या हाती दिलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. हळदीत घोळलेल्या ज्वारीच्या अक्षता परातीत होत्या, त्यांचा चिखल झाला होता. दर 'सावधान'ला लोक रिकामेच हात उडवत होते.

शेवटी अंतरपाट खाली आला. हौद्यात दोघं समोरासमोर, एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत. चाळीस वर्षांची सवय. वस्तादाचा हात आपोआप खाली गेला, मूठभर माती उचलली आणि त्यानं ती दोघांच्या अंगावर टाकली, जशी सलामीला जोडीवर टाकायचा तशीच.

"वस्ताद," राधाकिशन म्हणाले, "हे लगीन हाय. कुस्ती न्हाई."

वस्तादाला माती पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात भामाबाई पुढं आली. तिनं वाकून ओंजळ भरली.

"ह्या मातीत हळद हाय, तेल हाय, ताक हाय. माज्या पोरीला ह्याहून चांगल्या अक्षता कुठल्या मिळायच्या?"

तिनं ओंजळ उधळली. राधाकिशननी एकदा सुनेच्या लाल झालेल्या कपाळाकडं पाहिलं आणि तेही वाकले. या खेपेला कुणी वाकवल्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई पुन्हा दाराशी आली. लग्नातली उरलेली हळद आणि तेलाचा बुधला घेऊन. पुन्हा उंबऱ्याबाहेर थांबली.

"मातीला घाला, वस्ताद. आणिक काय देऊ मी?"

"आत यिऊन तूच घाल."

"नगं. काल देवाचे डोळे झाकले हुते म्हनून आले."

"कुठले झाकलेत? पटका मीच काढला की. बघ त्याच्याकडं."

तिनं वाकून कोनाड्यात पाहिलं. मारुतीच्या डोक्यावर, खांद्यावर लाल माती बसली होती. भामाबाईनं हात जोडले आणि उंबरा ओलांडला.

आत पैलवान हौदा खणत होते. मधोमध त्यांची कुदळ थांबली होती. तिथं नवरीची दोन लहान पावलं उमटलेली होती, दाबून, नीट.

"तेवढं सोडून खणा बे," वस्ताद म्हणाला.