एका नावाच्या दोघी

वह्यांत आठशे बारा नावं, संगणकात आठशे अकरा. मब्रूकानं चौथ्यांदा मोजणी चालवली. आकडा काही हलेना.

गफ्सा शहराजवळच्या तिच्याच गावच्या जुन्या जन्मवह्या संगणकात चढवायचं काम तिच्याकडे होतं. चार वाजता सगळं सुपूर्द करायचं, मग वाळवी लागलेल्या वह्या जाळून टाकणार. संगणकात जो नाही, तो जन्मलाच नव्हता.

प्रत्येकाची नोंद ओळखायची चावी तिनंच ठरवली होती: नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, आईचं नाव. चारही जुळणारी दोन माणसं सापडायचीच नाहीत, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि तीच चावी पुन्हा आली, तर संगणक साधी कुरकुरही करत नाही. नवी नोंद मुकाट्यानं जुनीच्या जागी बसते, जुनी पुसली जाते.

तिनं आज्ञावलीत दोन ओळी वाढवल्या. चावी दुसऱ्यांदा दिसली की थांब आणि दाखव. संगणक थांबला. पडद्यावर तिचंच नाव होतं. मब्रूका, बाप सालाह, आजोबा आमोर, आई तुर्कीया. जन्मतारखा दोन. एक तिची, दुसरी तिच्या तीन वर्षं आधीची.

तिचे साहेब, सी हेदी, मागून वाकून बघत होते. "घ्या! बाईसाहेब दोनदा जन्मल्या," ते हसले. "जुनी नोंद उडव आणि मोकळी हो. स्वतःचंच नाव आहे, परवानगी कुणाची काढतेस?"

तिनं आईला फोन लावला. आईनं तुटक तुटक सांगितलं. थोरली मुलगी अकरा महिन्यांची असताना गोवरानं गेली. नाव सासूचं होतं, ते घरातून जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून पुढच्या मुलीला तेच ठेवलं. जुनी माणसं असंच करत आणि पुन्हा विषय काढत नसत.

"खोड ते," आई म्हणाली. "गेलेलं उकरू नकोस, पोरी." आणि फोन ठेवला.

एकोणतीस वर्षं ती ज्या नावाला ओ देत आली, ते आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. आणि त्या पोरीला आज तिच्याच कामानं पुसलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला. गावची लेक ती, ही रीत तिला ठाऊक असायला नको होती?

खोडायला एक बोट पुरलं असतं. तिनं सगळी मांडणीच मोडली. एका चावीखाली एकच माणूस हा नियम काढला; जितकी येतील तितकी रांगेनं राहतील, असं नव्यानं लिहायला घेतलं. आठशे बारा नोंदी पुन्हा पहिल्यापासून चढवायच्या होत्या. जेवण तसंच राहिलं. सी हेदी दोनदा घड्याळ दाखवून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, मेलेली माणसं दाखला मागायला येत नाहीत.

"दोघी यादीत जातील, सी हेदी," ती मान वर न करता म्हणाली. "नाहीतर माझ्या हातून काहीच जाणार नाही."

त्यांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बाहेर जाऊन अर्ध्या तासाची मुदत मागून घेतली.

साडेचारला आकडा जुळला. तिनं पुन्हा आईला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, की खोडलं नाही, एकाच नावाखाली दोघी आहेत.

"मग," आईनं हळूच विचारलं, "मोठीला आधी ठेवलंस ना?"