रेडिओचे सोळा आवाज

वर्गात सात जण होते, पण हजेरीला "हजर, सर" तेवीस वेळा ऐकू आलं. जादा सोळा आवाज एकाच पोराचे होते. नकलांमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. पडद्यावर आकृत्या दाखवायला सरांनी दिवे आधीच मालवले होते.

अर्ध्या तासात खालच्या प्रयोगशाळेतून धूर आला. सातही जण सरांबरोबर ठेचकाळत बाहेर पडले.

"अहो, माझी सोळा पोरं आत अडकलीत!" सर अग्निशमन दलाच्या जवानांना ओरडून सांगत होते.

"आत कुणी नाहीये, सांग ना रे!" मैत्रिणीने रेडिओला ढोसलं.

"सगळ्यांचं वर्ष बुडेल गं," तो कुजबुजला आणि धुरात शिरणाऱ्या चार जवानांकडे बघत राहिला.



बाहेर तीन आले.