आवाज फाटतोय

तात्यांच्या गाण्याची जुनी कॅसेट कंप्युटरवर घेताना आवाज फाटायला लागला आणि तात्यांनी सगळं खापर केबलवर फोडलं. शेजारचा टेलर म्हणाला, "फाटलेलं मी बरोबर ओळखतो, तात्या. केबल धडधाकट आहे, तुमचा गळा उसवलाय! लावता पैज? हरेल त्यानं गेटवर उभं राहून गायचं."

तात्यांनी केबल बदलली, टेपचं हेड पुसलं, आवाज कमी केला. गाणं तस्संच फाटलं. आणि त्याच कॅसेटवर मागून बायकोचा आवाज आला, घंटेसारखा खणखणीत: "अहो, बास करा, दूध नासेल!"

तात्या हरले.

आता गेटवर अख्खी कॉलनी जमलीय आणि टेलर हात जोडतोय, "तात्या, पैज माफ!"

"छे छे, हरलोय ना मी? अजून चार कडवी आहेत."