तळ्यातलं जनावर

मैत्री धावत घरात आली, दाराला कडी घातली आणि थेट पलंगाखाली शिरली.

“आजी, ते जागं व्हयनं!”

द्रौपदाबाईंच्या हातातलं तूर पाखडायचं सूप तसंच राहिलं. “तळ्याकडे गयथी का तू?”

“नही. केळीमा खेळत व्हतू.”

द्रौपदाबाईंचा जीव भांड्यात पडला. असोद्याच्या शिवारात मळ्यातच घर, आणि केळीच्या पलीकडे शेततळं. त्याच्या काळ्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या मळ्यातल्या भटूचा धडधाकट पोरगा असाच गेला. प्लास्टिकवर त्याच्या बोटांचे ओरखडे दिसत होते. ते पाहिल्यापासून त्यांना एकच धास्ती लागली होती, नातीची.

रागावून झालं, दोन धपाटे घालून झाले. मग एकदा सून प्रज्ञा शाळेत शिकवायच्या प्राण्याचं चित्र घेऊन आली. बेडकाच्या कुळातलं, पण बैलगाडीएवढं जनावर. चपटं डोकं, डोळे वर. पाय इवलेसे, म्हणून दिवसभर पाण्याच्या तळाशी चिखलात पडून राहायचं. वरून काही गेलं की पेटीच्या झाकणासारखं डोकं उचलायचं आणि गट्टम. कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपलं म्हणे.

द्रौपदाबाईंनी ते संपलेलं जनावर उचललं आणि आपल्या शेततळ्यात आणून सोडलं. वर स्वतःची पुस्तीही जोडली, “ते माणसासारख्या हाका मारस. कोनी बी बलावं तरी जावानं नही. घर पळी येवानं.”

“आई, पोरीला इतकं घाबरवू नका हो,” प्रज्ञा म्हणाली होती.

“घाबरू दे. जित्ती तं राही.”

औषध बरोब्बर लागू पडलं. तेव्हापासून मैत्री तळ्याच्या दिशेला पाठ करून जेवायची.

आताही पोर पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हती. द्रौपदाबाईंना वाईट वाटलं, पण मनातून बरंही वाटलं. दुपार कलली होती. त्यांचे यजमान देवचंद सकाळीच ठिबकचा फिल्टर आणायला जळगावला गेले होते. एसटीतून उतरले की आधी तळ्यावर पंपाची मोटार बघायची आणि मगच घरात चहा मागायचा, ही त्यांची जुनी खोड. “ओ किरणनी माय, चहा ठेव!” लग्न झालं तेव्हा नुसतं ‘अवं’ होतं, मुलगा किरण झाल्यावर हे. बायकोचं नाव त्यांनी जन्मात कधी तोंडातून काढलं नव्हतं. माहेरची माणसं गेल्यावर ते नाव मतदार यादीत तेवढं उरलं होतं.

द्रौपदाबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि नातीला ओढून मांडीवर घेतलं. हसू दाबत विचारलं, “मग? काय करी ऱ्हायनं व्हतं तुन्हं जनावर?”

“आधी धप्पकन वाजनं. मग ते खोकलं. मग हाका मारू लागनं. लई येळ.”

“कोनले?”

“एकच नाव घेत व्हतं. द्रौपदा, द्रौपदा.” मैत्रीनं आजीच्या पदरात तोंड लपवलं. “मी नही गऊ, आजी. आते ते गप व्हयनं. आजी, द्रौपदा कोन शे?”